गॅझेट वाचणारी माणसं कुठून आणणार?

मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय आला आणि 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द अंबाजोगाईच्या बसस्थानकापासून तांड्या-वस्त्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. त्याच आधारावर बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली, बीडला मोर्चा निघाला. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. जुन्या नोंदींना एवढा भाव आलेला पहिल्यांदाच पाहतो आहे. त्या नोंदी वाचणारी माणसं तयार करायची गोष्ट मात्र कुणी काढत नाही.

माझी एक विद्यार्थिनी इथल्याच एका बंजारा तांड्यावरची. तिची आजी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, लदेणीच्या गोष्टी सांगते: गोण्या लादलेले बैल, पुढे चालणारा नायक, पाणी बघून ठरवलेले मुक्काम. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, पुढे असईची लढाई मारली, तेव्हा त्याच्या फौजेचं धान्य असल्याच बैलांच्या पाठीवरून येत होतं. त्याच्या पत्रांत बंजारे सारखे भेटतात. कधी त्यांची निकड असते, कधी त्यांच्याविषयी तक्रार. आणि १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे ठिकठिकाणी बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. ज्यांच्या धान्यावर फौज जगली, त्यांच्यावर सत्तर-ऐंशी वर्षांत ही वेळ कशी आली? तिला याच काळावर संशोधन करायचंय. गोरबोली तिच्या घरची आहे. मोडी आणि फारसी शिकायची तयारी आहे. सेट परीक्षा पास झालीय, पण काम घड्याळी तासिकेवर. तिचे वडील मला विचारतात, "सर, इतिहासावर पोट भरतं का?" त्यांना 'भरतं' म्हणून सांगावं, अशी सोय आपण ठेवलेली नाही.

शेजारच्या निलंग्यात १९१० साली जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत होते. आदिलाबादच्या गोंड-कोलामांत वावरताना ते गोंडी आणि कोलामी शिकले. फारसीतली मोगल दरबाराची बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली, पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरचं काम पाहिलं. त्यांची बुद्धी मोठी होतीच, पण महिन्याच्या महिन्याला पगारही होता. हे दुसरं आपण सोयीस्करपणे विसरतो.

आमच्या अंबाजोगाईचंच घ्या. मोमिनाबाद या नावाने हे हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या फौजेच्या घोडदळाचं ठाणं होतं. १८५३ च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, आणि १९०३ मध्ये फौजच ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात मिसळली. इथल्या घोड्यांना चंदी कोण पुरवायचं? गवताची कुरणं कुणाची गेली? हे मला वाचायचंय, आणि ते इथल्याच कुणीतरी लिहिलेलं वाचायचंय.

गॅझेटातली नोंद कुण्या अधिकाऱ्याने, कुणाला विचारून, कशासाठी केली, हे कळल्याशिवाय तिच्यावरून कुणाचा हक्क ठरवणं धोक्याचं आहे. शासनाला जुन्या कागदांवर निर्णय घ्यायचे असतील, तर मराठवाड्यातल्या इतिहासाच्या रिक्त जागा पूर्ण पगारावर भराव्यात. अंबाजोगाईत फारसी आणि मोडीचा वर्ग सुरू करावा. हैदराबादच्या अभिलेखागारात वर्षभर राहून काम करता येईल एवढी पाठ्यवृत्ती द्यावी, आणि ती देताना गोरबोली, गोंडी, पारधी बोलणाऱ्या मुला-मुलींना आधी विचारावं.