शरीर चुकत नाही, माप चुकते

१/
मुलाखतीसाठी सूट घ्यायला गेलेला तरुण ट्रायल रूमच्या आरशासमोर उभा राहतो. खांदा बसला तर पोटावरचे बटण ताणते. कंबर बसली तर बाही बोटांवर येते. मग तो बहुधा एकच निष्कर्ष काढतो : दोष शरीराचा आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा, याचे उत्तर शिंप्याच्या टेपच्या इतिहासात आहे. #धागा

२/
१८०० च्या आसपासपर्यंत युरोपातील शिंप्यांकडे आकड्यांची टेप प्रचारात नव्हती. शिंपी कागदाची किंवा चर्मपत्राची लांब पट्टी घेई आणि गिऱ्हाइकाची छाती, कंबर, बाही जिथे भरे तिथे पट्टीला खाच पाडी. गार्सो या फ्रेंच लेखकाने १७६९ साली शिंपीकामावर लिहिलेल्या ग्रंथात या खाचांच्या पट्टीचे वर्णन आहे.

३/
ती पट्टी एकाच माणसाची असे. दुसऱ्याला तिचा उपयोग नसे, आणि दोन माणसांची तुलना करणारा आकडाही तिच्यावर नसे. एक खांदा उतरता असला, पाठीला बाक असला, तरी ती केवळ त्या माणसाची खूण होती. ती सावरून घेणे हे शिंप्याचे काम होते.

४/
हे सुख सर्वांच्या वाट्याला येत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कापड महाग होते. शेक्सपिअरने १६१६ च्या मृत्युपत्रात आपले कपडे बहीण जोन हिच्या नावे केले. कपडा ही मागे ठेवण्याजोगी मालमत्ता होती. अनेक जण दुसऱ्याने वापरलेला कोट घेत. झिजलेला कोट उसवून, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवण्याची रीतही रूढ होती.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंचांची टेप रुळली आणि शरीरे आकड्यांत मांडता येऊ लागली. त्यातून कापणीची नवी सूत्रे निघाली : छातीचे माप घ्यावे आणि बाकीची मापे त्याच्या प्रमाणात काढावीत. सूत्र सोयीचे होते, कामाचा वेग वाढवणारे होते. पण त्यात एक गृहीतक दडलेले होते : समान छातीच्या माणसांचे बाकीचे शरीरही समान असते.

६/
या गृहीतकाला यंत्राचे आणि युद्धाचे बळ मिळाले. एलायस होवने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात लक्षावधी सैनिकांना गणवेश पुरवायचे होते. प्रत्येकाचे माप घेणे अशक्य होते, म्हणून मोजक्या ठरावीक मापांत कपडे शिवले गेले. आजच्या ‘साईज’च्या वंशावळीत हा लष्करी गणवेश ठळकपणे दिसतो.

७/
तयार कपड्याने मोठे भले केले. साध्या कारकुनाला नवा कोट परवडू लागला. मात्र त्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतच होते. थॉमस हूडची शिवणकाम करणाऱ्या स्त्रीवरील कविता १८४३ मध्ये ‘पंच’मध्ये आली, हेन्री मेह्यूने १८४९-५० मध्ये लंडनच्या शिंप्यांची हलाखी वर्तमानपत्रातून मांडली, १८५० मध्ये चार्ल्स किंग्स्लीने स्वस्त कपड्यांच्या धंद्यावर जळजळीत पुस्तिका लिहिली.

८/
तुलनेसाठी मराठी पेहराव पाहावा. धोतर, उपरणे, पागोटे यांना शिवणच नाही. शिवलेली बाराबंदी बंदांनी बांधली जाते. पोट सुटले वा आटले, तर गाठ थोडी सैल किंवा घट्ट होते. कोटाचे बटण मात्र एका जागी शिवलेले असते. बंद शरीराशी जुळवून घेतो. बटण शरीरानेच जुळवून घ्यावे असा हट्ट धरते. म्हणूनच कोटाला शिंप्याची गरज अधिक.

९/
दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने सेवामुक्त होणाऱ्या सैनिकांना सूट, शर्ट, टाय, बूट असा नागरी पोशाख दिला. हेतू उदात्त होता : गणवेश उतरवणाऱ्याला समाजात मानाने परतता यावे. तरीही अंगाला न बसणारा तो सूट विनोदाचा विषय झाला. जे सैनिक वर्षानुवर्षे लढले, त्यांची शरीरे सदोष होती असे कोण म्हणेल?

१०/
आता पुन्हा ट्रायल रूमकडे. तयार सुटांत छाती आणि कंबर यांत सहसा ६ इंचांचा फरक धरलेला असतो. ज्याचा फरक ४ किंवा ८ इंच, त्याची पँट बसणार नाही. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. निवड करताना खांदा आधी पाहावा, कारण खांदा दुरुस्त करणे सर्वांत अवघड. कंबर, बाही आणि पँटची उंची कुशल शिंपी सहज सुधारतो. शिवणीत आत किती कापड सोडले आहे, हेही उलटून पाहावे.

११/
घेतल्यानंतर निगा. मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापन ग्रंथात धन्याचे कपडे ब्रशने झाडणे हे खासगी नोकराचे काम म्हणून सांगितले आहे. नोकर गेले, ब्रशची गरज राहिली. लोकरी कोट वापरल्यावर झाडावा, रुंद खांद्याच्या हँगरवर हवेशीर टांगावा, एक दिवस विसावू द्यावा. उठसूट ड्राय क्लीनिंग केल्याने कापडाचा कस जातो. छोटे भोक दिसताच रफू करून घ्यावे.

१२/
यावर आक्षेप येईल : एवढा खटाटोप म्हणजे चैन. वस्तुस्थिती उलट आहे. नव्या कोटासाठी हजारो रुपये निमूटपणे मोजणारे गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या शिंप्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करते. कोटाला अंगाजोगा करणारा माणूस तोच असतो, आणि सर्वांत कमी मोल त्याच्याच कामाचे ठरते.

१३/
‘साईज’ हा निसर्गाचा नियम नाही. गणवेशांच्या गरजेने आणि कारखान्याच्या सोयीने घडलेली ती एक तडजोड आहे. तडजोड उपयुक्त असली तरी तिला न्यायाधीश करण्याचे कारण नाही. कोट बसला नाही, तर शिंप्याकडे जावे, त्याला त्याच्या कामाचे पुरते पैसे द्यावेत आणि आरशापुढे ताठ उभे राहावे.

(धागा समाप्त)