नखांचें बळ आणि बाटलींतला लेप

नेरुळ येथील एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. धाकट्या सूनबाई कचेरींत जातात. त्यांचीं नखें थोडीं वाढलीं कीं टोंकाशीं पापुद्रे सुटून तुटतात. त्यांनीं 'नखांना बळ देणारें' एक जेल घरपोंच मागविलें. (जेल म्हणजे येथें तुरुंग नव्हे, घट्टसर रस एवढाच अर्थ घ्यावा.) त्या बाटलीबरोबर एक लहानसा निळा दिवाहि आला. आतां दर पंधरवड्यास रविवारीं दुपारीं जेवणाच्या टेबलावर हा संच मांडला जातो आणि घरांतल्या दोन नातीहि हात पुढें करून बसतात. पत्र लिहिणाऱ्या सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत, आणि त्यांच्या लिहिण्यांत रागापेक्षां काळजी अधिक आहे. या लेपानें नखाला खरोखर बळ येतें काय, असा त्यांचा पहिला प्रश्न. येथील पाण्याचा हा दोष असेल काय, हा दुसरा. आणि पत्र संपल्यावर ताजा कलम म्हणून त्यांनीं लिहिलें आहे, "थोरली नात सोळा वर्षांची आहे. दोन आठवडे तिच्या बोटांच्या टोंकांना खाज सुटते. याचा त्याच्याशीं संबंध असेल काय?"

या ताज्या कलमाचें उत्तर आम्ही आधीं देतों, कारण तेंच सर्वांत निकडीचें आहे. संबंध असण्याचा संभव बराच मोठा आहे, आणि त्या मुलीनें लेप लावणें आजच थांबवावें.

बाटलींतलें जेल ज्या द्रव्यांचें बनलेलें असतें त्यांस ॲक्रिलेट व मेथाक्रिलेट म्हणतात. दिव्याचा प्रकाश पडला कीं त्यांचे सुटे कण साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत गुंततात आणि नखावर कठीण कवच तयार होतें. पुरतें वाळलेलें कवच सहसा त्रास देत नाहीं. त्रास देतें तें कच्चें जेल. नखाच्या कडेनें तें कातडीवर ओघळलें, किंवा दिवा अशक्त असल्यामुळें लेप वरून घट्ट व आंतून ओलाच राहिला, तर ते सुटे कण त्वचेंत शिरतात आणि शरीराला त्यांचें वावडें जडतें. प्रथम बोटांना खाज, मग लाली, कातडीला भेगा. पुढें नखच आपल्या गादीवरून सुटूं लागतें. हात चेहऱ्याकडे वारंवार जातो, म्हणून कधीं कधीं पापण्यांवरहि पुरळ उठतें.

हें वावडें एकदां जडलें कीं बहुधा जन्मभर टिकतें, ही यांतली खरी गंभीर गोष्ट. दांत भरण्यासाठीं दंतवैद्य जो पांढरा मसाला वापरतात, किंवा गुडघ्याचा सांधा बदलतांना हाडाशीं जें सिमेंट लावतात, तीं याच कुळांतलीं आहेत. सोळाव्या वर्षीं नखांपायीं लागलेलें वावडें साठाव्या वर्षीं शस्त्रवैद्यांना विचारांत घ्यावें लागावें, हा व्यवहार फार महाग आहे. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१८ सालींच या विषयीं जाहीर इशारा दिला, आणि घरच्या घरीं वापरावयाच्या संचांचा त्यांत मुद्दाम उल्लेख केला. युरोपीय संघानें २०२० सालीं 'एच्. ई. एम्. ए.' हें द्रव्य असलेलीं नखप्रसाधनें केवळ व्यावसायिकांनींच वापरावीं असा नियम केला. आणि जेल घट्ट करण्यास मदत करणारें 'टी. पी. ओ.' नांवाचें द्रव्य १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांतून अजीबात बंद केलें. तेथले नियम आपल्याकडे आपोआप लागू होत नाहींत. म्हणून बाटलीवरचीं बारीक अक्षरें आपणच वाचलीं पाहिजेत. निर्मात्याचें नांव व पत्ता, घटकांची यादी, वापरण्याची मुदत, आणि परदेशी माल असल्यास नोंदणी क्रमांक व आयात करणाराचें नांव. यांतलें कांहींच नसेल तर संच परत पाठवावा. 'एच्. ई. एम्. ए. नाहीं' एवढें मोठ्या अक्षरांत छापलेलें पाहूनहि निर्धास्त होऊं नये, कारण त्याचीं भावंडें त्याच बाटलींत असूं शकतात.

मुलीला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावें, आणि जातांना बाटली व तिचें वेष्टन बरोबर न्यावें. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून तज्ज्ञ नेमकें वावडें शोधून काढतात. नुसतें मलम लावून खाज दाबली आणि पुढच्या रविवारीं पुन्हां हात पुढें केला, तर तपासणीचा कांहीं उपयोग नाहीं.

आतां पहिला प्रश्न. आयुर्वेदानें नख हा अस्थिधातूचा मल मानला, आणि वेगळ्या भाषेंत का होईना, त्यांत एक खरी गोष्ट सांगितलेली आहे: जें नख आपल्याला दिसतें तें निर्जीव आहे. केसांतलें केराटिन तेंच नखांत. त्याच्या पातळ पातळ थरांची ही सुमारें अर्ध्या मिलिमीटरची फळी. जिवंत भाग आहे तो मुळाशीं, कातडीखालीं. त्याची कड कांहीं बोटांवर पांढऱ्या अर्धचंद्रासारखी दिसते. नखाचें पोषण होतें तें तेथेंच आणि रक्तांतूनच. तेथून हाताचें नख महिन्याला सुमारें ३ मिलिमीटर पुढें सरकतें, म्हणजे पुरतें नवें होण्यास सहा महिने लागतात. वरून लावलेला लेप त्या निर्जीव फळीला खाऊं घालूं शकत नाहीं. कलंडत्या रोपाला आपण कामटी बांधतों, तशी ही कामटी आहे. ती उपयोगी नाहीं असें नव्हे. आधार मिळाल्यानें नख न तुटतां वाढूं शकतें. परंतु कामटी म्हणजे खत नव्हे.

दिव्यावांचून हवेंतच वाळणारे 'हार्डनर'हि बाजारांत मिळतात. त्यांतल्या कांहींत फॉर्माल्डिहाइड असतें, तें केराटिनच्या धाग्यांना आणखी गांठी मारतें. पहिले कांहीं आठवडे नख टणक होतें व वापरणारीला आनंद होतो. पुढें तेंच नख ठिसूळ होतें. ओली काठी लवते, वाळकी मोडते.

मुळाशीं रक्तांतून पोषण होतें असें वर म्हटलें, आणि येथें आम्हांस घरांतल्या सर्वच स्त्रियांकडे पाहावेंसें वाटतें. नख मधोमध चमच्यासारखें खोलगट झालें असेल, इतकें कीं पाण्याचा थेंब त्यावर ठरेल, तर तें लोहाच्या उणिवेचें लक्षण असूं शकतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. हा कांहीं केवळ गरिबांचा रोग नव्हे. सर्वांना गरम वाढून झाल्यावर उरलेल्या भाजीवर जेवण उरकणें, आणि लगेच वर चहा पिणें, हें शिकलेल्या घरांतहि चालतें. चहानें तर अन्नांतलें लोह अंगीं लागत नाहीं. रक्ताची तपासणी करावी; हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खालीं असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हळिवाचे लाडू बाळंतिणीपुरतेच राखून ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं, आणि पालेभाजीवर लिंबू पिळावें. नखें ठिसूळ, केस विरळ व अंगांत सुस्ती असेल तर थायरॉइडचीहि तपासणी करून घ्यावी. नखांवरचे पांढरे ठिपके चुन्याच्या उणिवेनें येतात ही समजूत मात्र खोटी आहे. नखाच्या मुळाला कधींतरी लहानसा मार लागलेला असतो, एवढेंच. बायोटिनच्या गोळ्यांचा सध्यां फार बोलबाला आहे. त्यांच्या बाजूचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि त्या चालू असतां केलेल्या थायरॉइडच्या कांहीं तपासण्या चुकीच्या येतात. तेव्हां घेत असल्यास प्रयोगशाळेंत तसें सांगावें.

सासूबाईंच्या मनांत कोठेंतरी नटवेपणाची शंका असावी, असें पत्रावरून वाटतें. ती त्यांनीं सोडून द्यावी. चरकानें पंधरवड्यांतून तीनदां केस व नखें नीट करावींत असें सांगितलें आहे. आपल्या आज्यांनीं मेंदीनें नखें रंगविलींच होतीं. मेंदीचा रंगहि केराटिनलाच धरून बसतो. टाटांच्या तेलाच्या कंपनीनें १९५२ सालीं लॅक्मे सुरू केली, तिच्या परदेशी नांवांतहि आपली लक्ष्मीच दडलेली आहे. हात नीटनेटके असावेत ही इच्छा निर्दोष आहे. प्रश्न फक्त रीतीचा.

म्हणून ज्या सज्ञान आहेत, ज्यांच्या त्वचेला कांहीं त्रास नाहीं आणि ज्यांना नख वाढेपर्यंत आधार हवा आहे, त्यांच्यासाठीं ही रीत. नखें आखूड कापावीं व बारीक कानशीनें एकाच दिशेनें घांसावीं. करवतीसारखी मागेंपुढें कानस चालविली कीं थर सुटतात. पार्लरांतल्याप्रमाणें हात कोमट पाण्यांत बुडवूं नयेत. नख पाणी पितें व फुगतें, आणि वाळून आकसलें कीं वरचा लेप कडेनें उचलला जातो. भांडीं-आंघोळ यांनंतर तास-दीड तास तरी जाऊं द्यावा. मुळाशीं जी पातळ कातडी नखावर चढलेली असते ती कापूं नये. तो नखाचा उंबरठा आहे, आणि तो काढला कीं जंतूंना आंत येण्यास वाट होते. नखाचा तेलकटपणा स्पिरिटनें पुसावा. लेप अगदीं पातळ द्यावा व चहूंकडून केसाएवढी फट सोडावी. कातडीला लागला तर दिव्याखालीं जाण्याआधीं पुसून काढावा. ज्या जेलसाठीं जो दिवा सांगितला असेल तोच वापरावा व सांगितला तितकाच वेळ; शेजारणीकडून उसना आणलेला दिवा चालत नाहीं. हाताला चटका बसल्यासारखें वाटलें तर थर जाड झाला आहे असें समजून हात बाहेर घ्यावा. शेवटीं वर राहणारा चिकटपणा बोटानें चांचपूं नये. दिव्यांतून अतिनील किरण येतात, म्हणून हातावर सनस्क्रीन लावावें किंवा बोटांचीं टोंकें उघडीं राहतील असे हातमोजे घालावे. ज्यांना उन्हाचें वावडें देणारीं औषधें चालू आहेत त्यांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें.

नुकसान होतें तें बहुतेक लेप काढतांना. दोन-तीन आठवड्यांनीं त्याची कड सुटते, आणि मग गाडींत बसल्या बसल्या ती नखानें उचकटण्याचा मोह अनेकींना आवरत नाहीं. लेपाबरोबर नखाचेहि पापुद्रे निघून येतात आणि 'जेलनें नखें पातळ झालीं' अशी तक्रार सुरू होते. सुटलेली कड तशीच ठेवणेंहि वाईट. पावसाळ्यांत तिच्याखालीं पाणी सांठून नखावर हिरवट डाग पडतो, तो जंतूंचा असतो. वरचा थर कानशीनें हलका खरवडावा, ॲसिटोनमध्यें भिजविलेला कापूस नखावर ठेवून वरून वर्ख गुंडाळावा, १०-१५ मिनिटें स्वस्थ बसावें, आणि मऊ झालेला लेप लांकडी काडीनें अलगद सारावा. निघत नसेल तर पुन्हां कापूस ठेवावा, जोर करूं नये. ॲसिटोनची वाफ क्षणांत पेट घेते. शेगडी व देवघरांतलें निरांजन विझलेलें असल्याची खात्री करून, खिडकी उघडून, मुलें दूर ठेवून हें काम करावें. नंतर नखांच्या मुळाशीं खोबरेल चोळावें व पुढचा लेप देण्यापूर्वीं दोन-चार आठवडे जाऊं द्यावे. घरांत कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्यापूर्वीं एक तरी बोट मोकळें करावें. बोटाला चिमटा लावून रक्तांतला प्राणवायु मोजणारें यंत्र रंगीत नखावर कधीं कधीं चुकीचा आंकडा दाखवितें.

राहिला पाण्याचा प्रश्न. नेरुळ-वाशीकडे महापालिकेचें पाणी येतें तें खालापूर तालुक्यांतील मोरबे धरणाचें, म्हणजे सांठविलेलें पावसाचेंच. तें जड म्हणतां येणार नाहीं. सोसायटींत कूपनलिकेचें पाणी मिसळत असेल तर गोष्ट निराळी. पण नखाला पाण्याच्या जातीपेक्षां जाच होतो तो दिवसांतून वीस वेळां ओलें होण्याचा व वीस वेळां वाळण्याचा. प्रत्येक वेळीं थर फुगतात, आकसतात आणि एकमेकांपासून सुटूं लागतात. साबणाची पूड त्यांतलें उरलेंसुरलें तेल काढून नेते. याला उपाय साधा आहे: पाण्याचें काम हातमोजे घालून करावें, आणि प्रत्येक वेळीं हात पुसल्यावर तेलाचें बोट नखांवरून फिरवावें. नुसत्या रबरी मोज्यांत हाताला घाम येऊन नखें पुन्हां ओलींच राहतात, म्हणून आंतून सुती अस्तर असलेले घ्यावे. घेतांना दोन जोड घ्यावे, एक घरासाठीं व एक भांडीं घासण्यास येणाऱ्या बाईंसाठीं. पांच घरचें पाणी त्यांच्या हातांवरून जातें. माप मात्र त्यांच्याच हाताचें घ्यावें, सैल मोज्यांतून भांडीं निसटतात.