रिकाम्या रंगमंचावरचे गाव

आमच्या आंतर-हाऊस नाट्यस्पर्धेत बहुतेक वेळा युद्धाचेच नाटक असते. थर्माकोलचा खंदक, तोफांचे आवाज, शेवटी तिरंगा आणि टाळ्या. मीही त्यात दोनदा काम केले आहे. तरीही मला वाटते, एकदा तरी आपण थॉर्नटन वाइल्डर यांचे ‘अवर टाउन’ करावे.

१९३८ साली रंगमंचावर आलेल्या या अमेरिकन नाटकाला नेपथ्यच नाही. दोन टेबले, काही खुर्च्या आणि दोन शिड्या, एवढेच सामान. सूत्रधार आपल्याला न्यू हॅम्पशायरमधले ग्रोव्हर्स कॉर्नर्स हे छोटे गाव दाखवतो. दूधवाल्याचा घोडा दिसत नाही. आया नसलेल्या शेंगा निवडतात. जॉर्ज आणि एमिली शिड्यांवर बसून, जणू आपापल्या खिडकीतून, गणिताविषयी बोलतात. तिसऱ्या अंकात साध्या खुर्च्या ओळीने मांडल्या की त्यांचे स्मशान होते.

माझ्या मित्राचे म्हणणे, यात काही घडतच नाही, मुले झोपतील. मला ते पटत नाही. पहिल्या अंकात जो क्रॉवेल नावाचा अकरा वर्षांचा मुलगा पेपर टाकायला येतो. तो जाताच सूत्रधार सांगून टाकतो की हा मुलगा पुढे फार हुशार निघाला, इंजिनिअर होणार होता, पण महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. आणि नाटक पुढे दुधाकडे वळते. तोफेचा एकही आवाज नाही. आमच्या कुठल्याही खंदकापेक्षा मला ही चार वाक्ये जास्त लागली. वाइल्डर स्वतः दोन्ही महायुद्धांत अमेरिकन सैन्यात होते, हे नंतर वाचले.

शेवटी बाळंतपणात मेलेली एमिली आपल्या बाराव्या वाढदिवसाच्या सकाळी परत येते. आई नाश्ता करण्यात गुंतलेली असते. एमिलीला वाटते, आईने क्षणभर तरी आपल्याकडे नीट पाहावे. ते तिला सहन होत नाही आणि ती परत जाते.

हे वाचले त्या रविवारी मी घरी फोन केला. आई नेहमीसारखे विचारत होती, जेवलास का, खोकला गेला का. एरवी मी “हो, हो, ठेवतो” म्हणून रांगेतल्या पुढच्याला फोन देतो. त्या दिवशी मीच विचारले, आज काय केलेस? तिने भाजीपासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळे सांगितले.

रंगमंच रिकामा असल्यामुळे प्रेक्षक त्यात आपलेच स्वयंपाकघर मांडतो. आपण सारे दहाव्या-अकराव्या वर्षी घर सोडून इथे आलो. ज्याचे रक्षण करायला आपण शिकतो, ते घर एकदा आपल्या रंगमंचावर यायला हवे. खंदक बनवण्यात जाणारे दोन आठवडे या वर्षी तालमीला द्यावेत, अशी माझी हाऊस कॅप्टनना विनंती आहे. शिड्या स्टोअरमध्ये आहेतच.