फेरीत मुले, औषधाच्या यादीत नाहीत



आपल्या वृत्तपत्रातील जागतिक एड्स दिनाचा वृत्तांत वाचला. शाळकरी मुलांची प्रभातफेरी, मानवी साखळी, लाल फितीची रांगोळी, पालकमंत्र्यांचे भाषण, सगळे आले. एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या मुलांबद्दल मात्र एक ओळ नाही. मुले घोषणा द्यायला चालतात, बातमीत चालत नाहीत काय?

संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्सचा २०२३ चा आकडा छापायला फारशी जागा लागली नसती. जगभरातील बाधित प्रौढांपैकी ७७ टक्के लोक औषधोपचारावर होते, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी फक्त ५७ टक्के. विषाणू तोच, मग ही वीस टक्के मुले गळतात कुठे? त्यांच्यापाशी तर वाट पाहायला वेळही नसतो. औषध न मिळाल्यास अशी निम्मी बाळे दोन वर्षांचीही होत नाहीत. लागण कळताच, बाळ तीन महिन्यांचे होण्याआधी औषध सुरू केले तर मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात, हे दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासाने २००८ मध्येच दाखवले होते.

‘गरीब देश, पैसा नाही’ हे उत्तर मला मान्य नाही. प्रश्न पैशाचाच असता तर मोठ्यांचा आकडाही ५७ वरच अडकला असता. डोल्युटेग्राविर हे औषध अमेरिकेत मोठ्यांसाठी २०१३ मध्ये मंजूर झाले आणि तान्ह्यांसाठीची पाण्यात विरघळणारी गोळी २०२० मध्ये. सात वर्षे! कारण उघड आहे. श्रीमंत देशांत आईवर गरोदरपणातच उपचार होतात, त्यामुळे बाधित बाळे फारशी जन्मत नाहीत आणि औषधाला गिऱ्हाईक उरत नाही. उरतात ती मलावी-मोझांबिकची आणि आपली मुले. त्यांच्या वाट्याला लोपिनाविरचे सिरप आले: कडू जहर, ४२ टक्के अल्कोहोल, वर फ्रिजमध्ये ठेवायचे. एचआयव्हीची औषधे मिळतात त्या एआरटी केंद्रात औषधे देताना मी पाहिले आहे, आज्या नातवाचे नाक दाबून ते पाजत आणि अर्धे लुगड्यावर ओकले जाई. घरी नेण्याआधी बाटलीचे लेबल खरवडून काढत, शेजारणीने वाचू नये म्हणून. तेही सिरप २०१७ मध्ये थकलेल्या बिलांच्या वादात देशभर तुटले, तेव्हा सहाशेहून अधिक मुलांना पंतप्रधानांना पत्र लिहावे लागले.

आता डोल्युटेग्राविरची स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी आहे, आपल्याच देशातील कंपन्या ती बनवतात. गरीब देशांसाठी २०२० मध्ये ठरलेला भाव एका मुलामागे वर्षाला ३६ डॉलर, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास. फेरीच्या स्वागतकमानीलाच याहून जास्त खर्च झाला असेल.

पण गोळी द्यायला आधी बाळ सापडले पाहिजे. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून नेहमीची चाचणी उपयोगाची नाही. सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घ्यायचे, वाळवायचे, प्रयोगशाळेकडे धाडायचे. अहवाल माहेरच्या केंद्रावर येतो, तोवर बाळंतीण ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेली असते. तिला शोधणे हे कुणाचे काम, हे कुणीच सांगत नाही. 

पुढच्या १ डिसेंबरला जिल्हा एड्स नियंत्रण पथकाने फेरी काढू नये. तीन आकडे जाहीर करावेत: बाधित मातांना किती बाळे झाली, किती बाळांची वेळेत तपासणी झाली आणि बाधित निघालेल्यांपैकी किती औषधावर आहेत. ते तीन आकडे आपण पहिल्या पानावर छापावेत, ही विनंती.

– एक निवृत्त औषधनिर्माता, सांगली