चुलीजवळचा मसोता

शाळेच्या वार्षिकात मसोत्यावर लेख यावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. कवितेला, प्रवासवर्णनाला आणि थोरांच्या चरित्राला येथे मानाची जागा असते; मसोत्याला ती कोण देणार? परंतु उकळत्या पेजेचा टोप खाली उतरविताना घरच्या माणसाचा हात आणि विस्तव यांच्यामध्ये जे काही असते ते एवढेच एक फडके. ते चांगले असेल तर त्याचे कोणी नाव काढीत नाही. वाईट असेल तर बोटांना चटका बसतो, टोप निसटतो आणि पेज पायावर सांडते. शिवण शिकू लागलेल्या मुलीला, आणि आमच्या मते मुलालाही, पहिल्या काही दिवसांतच करता येण्यासारखी ही वस्तू आहे. म्हणूनच तिच्यात काय भरावे, याविषयी आमचे मत आम्ही येथे स्पष्टपणे मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उष्णता अडवितो तो मुख्यतः कापडाच्या धाग्यांत कोंडलेला वारा. कापड हे त्या वाऱ्याला धरून ठेवणारे घर होय. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीसपट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. तेव्हा ओल्या फडक्याने तापलेले भांडे धरणे म्हणजे जवळजवळ उघड्या हाताने धरणेच. पेडणे-डिचोलीकडच्या पावसाळ्यात, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलुखात, हा मुद्दा पुस्तकी नाही. आषाढात दोरीवरचे कापड दोन-दोन दिवस दमट राहते, हे प्रत्येक गृहिणी जाणते.

आता बाजारात मिळणारा पांढरा, फुगीर, कृत्रिम धाग्यांचा भराव पाहा. तो स्वस्त, धुण्यास सोपा आणि लवकर वाळणारा आहे. पावसाळ्याच्या दृष्टीने हा गुण लहान नव्हे, हे आम्ही मान्य करतो. पण बोटांनी घट्ट धरताच तो चेपतो आणि त्यातील वारा निघून जातो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. साध्या उकळत्या पाण्याने त्याचे काही बिघडत नाही. तथापि रिकामा तापलेला लोखंडी तवा किंवा गॅसची ज्योत ही मर्यादा सहज ओलांडते. सुती कापड अशा वेळी करपते, प्रसंगी पेटतेही. परंतु पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल होते. झालर सुंदर म्हणून हा धोका घरात आणावा, असे आम्हांस वाटत नाही.

येथे शिंप्याच्या दुकानातील चिंध्यांविषयीही बोलले पाहिजे. मुलांच्या हाती सर्वांत सहज येतात त्या गणवेशाच्या चिंध्या, आणि हे कापड बहुधा टेरिकॉटचे, म्हणजे सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे असते. मसोत्यासाठी ते वर्ज्य समजावे. शंका असल्यास वडीलधाऱ्यांच्या देखत, पाण्याच्या ताटलीवर, एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो आणि त्याची कडक गोळी होते.

सावरीचा कापूस परसात फुकट मिळतो, म्हणून तो भरण्याचा मोहही अनेकांना होतो. उशीला तो उत्तम. पण त्याचे तंतू पोकळ, गुळगुळीत आणि मेणचट असतात. ते टाक्यांतून सरकून कोपऱ्यात गोळा होतात आणि ठिणगी पडताच भुरकन पेटतात. चुलीजवळ त्याचे काम नाही.

मग उरते काय? उरते आपल्या आज्यांची वाकळ. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेल्या वाकळीत वेगळा भराव घालण्याची गरजच नसते. थर हाच भराव. सीमेपलीकडे हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रियांची कवंडी आणि दूर बंगालची कांथा यांचीही रीत हीच. वीतभर चौकोनाला जुन्या लुगड्याचे आठ-दहा थर पुरतात. मध्ये जुन्या टॉवेलचा एक थर घातला तर आणखी चांगले. घरात फाटकी लोकरी शाल असेल तर तिचा तुकडा आत घालण्यास हरकत नाही, कारण लोकर सहजी पेट घेत नाही. पिंजलेला कापूस घालणारांनी तो पातळ व सारखा पसरावा. फार जाड मसोता बोटांत वळत नाही आणि चवथीला नेवऱ्यांची कढई उतरविताना पकडच सुटते. हा दोष आम्हांला पातळ मसोत्याच्या दोषाइतकाच मोठा वाटतो.

वरचे कापड मांजरपाट किंवा खादी घ्यावे, मात्र आधी धुऊन. कोरा मांजरपाट पाण्यात आटतो आणि शिवलेला चौकोन वेडावाकडा होतो. दोरा सुतीच असावा. टाके फार दाट घातले तर वारा दबून जातो, फार विरळ घातले तर थर सरकतात. ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवावे. कोपऱ्यावर त्याच कापडाची नाडी लावून मसोता ज्योतीपासून दूर खुंटीला टांगावा. दमट दिवसांसाठी घरात दोन जोड असावेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा हाताशी राहतो. मधला भाग विरून पातळ झाला की त्याचे पोतेरे करावे आणि नवा शिवावयास घ्यावा.