न वाचलेले कागद

हॉकी म्हटले की आम्हां ग्वाल्हेरकरांची मान थोडी ताठ होते. मेजर ध्यानचंदांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंह ग्वाल्हेरच्या फौजेत होते. १९३२ आणि १९३६ अशा दोन ऑलिंपिकांत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. त्यांच्या नावाचे क्रीडांगण आमच्याच शहरात आहे. (पुढे त्यावर क्रिकेट आले, ही गोष्ट निराळी.) त्यामुळे गेल्या जुलै महिन्यात टोरांटोहून सुटीला आलेला आमच्या बहिणीचा नातू ‘आजोबा, मी पण हॉकी खेळतो’ असे म्हणाला, तेव्हा आम्हांला आनंदाचे भरते आले आणि आम्ही रूपसिंहांची कथा रंगवून सांगू लागलो. पोराने ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग आपल्या पिशवीतून एक छायाचित्र काढून आमच्यापुढे ठेवले.

छायाचित्रात एक तरुण हवेत आडवा झालेला होता. दोन्ही हात पुढे पसरलेले, तोंड आनंदाने उघडे आणि खाली पांढराशुभ्र बर्फ. जणू कोणी त्याला गच्चीवरून भिरकावून दिले आहे आणि त्याला त्याचे सुखच वाटत आहे! ‘हा बॉबी ऑर,’ पोर म्हणाले. आम्हांला नाव ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून आम्ही या गृहस्थाच्या मागे लागलो आणि जे वाचले ते वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी खेळाविषयी दोन शब्द. ही हॉकी बर्फावरची. सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे गोठवलेले मैदान, भोवती छातीइतका कठडा. चेंडूच्या जागी कडक रबराची, १ इंच जाड आणि ३ इंच व्यासाची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा खेळाडू. पायांत पात्याचे बूट. खेळाडू पाऊण-एक मिनिट जिवाच्या आकांताने धावतो आणि खेळ चालू असतानाच कठडा ओलांडून बाहेर बसतो. दुसरा आत उडी घेतो. प्रतिस्पर्ध्याला खांद्याने धडक देणे हा नियमभंग नव्हे, तो खेळाचाच भाग. आपल्याकडे लडाखची मुले हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळतात. कॅनडात मात्र तो घरोघरीचा खेळ आहे.

बॉबी ऑरचा जन्म २० मार्च १९४८ रोजी कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, जॉर्जियन उपसागराच्या काठी असलेल्या पॅरी साउंड या छोट्या गावात झाला. वडील स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. घरात मुले पाच आणि मिळकत बेताची. पोरगे बारा वर्षांचे असताना बॉस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाच्या माणसांची नजर त्याच्यावर पडली. चौदाव्या वर्षी, १९६२ साली, त्यांनी त्याला बांधून घेतले. ‘बांधून घेतले’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. त्या काळी एक ठराविक छापील कागद असे. त्यावर मुलाची आणि पालकांची सही झाली की मूल त्या एका संघाचे झाले. मोठेपणी दुसऱ्याकडे जाण्याची वाट बंद. ऑर कुटुंबाला या सहीच्या बदल्यात काही रोख रक्कम मिळाली, एक मोटार मिळाली आणि घराच्या भिंतींना बाहेरून गिलावा करून देण्याचे वचन मिळाले. गिलावा! वाचताना आम्हांला हसू आले आणि लगेच ते ओसरले. पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीचे दुःख ज्याने सोसले आहे, त्याला या अटीत हसण्यासारखे काही दिसणार नाही.

पहिल्या वर्षी आईने मुलाला घराबाहेर ठेवण्यास नकार दिला. मग वडील किंवा गावातील कोणी स्नेही त्याला मोटारीत घालून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर ओशावाला सामन्यासाठी नेत आणि रात्री परत आणीत. सरावाला जाता येत नसे, थेट सामन्यालाच. समोर असत ती एकोणीस-वीस वर्षांची दांडगी मुले.

१९६६ साली अठराव्या वर्षी तो बॉस्टनकडून उतरला आणि चार क्रमांकाचा सदरा त्याच्या अंगावर आला. त्याचे विशेष असे की तो बचावपटू होता. त्या वेळच्या रीतीप्रमाणे बचावपटूने आपल्या गोलापाशी राहावे, समोरच्याला अडवावे, चकती पुढच्यांकडे सोपवावी आणि गप्प बसावे. ऑर मात्र चकती घेऊन स्वतःच निघे; आपल्या गोलामागून सुरुवात करून पाचही जणांना चुकवीत समोरच्या गोलात जाई. आणि हल्ला फसला तर सर्वांच्या आधी परत आपल्या जागी हजर! त्याच्या वेगाचे वर्णन करताना जुने प्रेक्षक आजही हात हलवू लागतात, शब्द सापडत नाहीत. बूट तो मोज्यांवाचून, उघड्या पायांवर घाली.

१९६९-७० च्या मोसमात त्याने गोल आणि गोलांना साहाय्य मिळून १२० गुण केले आणि साऱ्या लीगमध्ये पहिला आला. असा मान मिळवणारा तो पहिला बचावपटू. १९७४-७५ मध्ये १३५ गुणांनिशी त्याने तो पुन्हा मिळवला. त्याच्यानंतर आजवर एकाही बचावपटूला ते जमलेले नाही. सर्वोत्कृष्ट बचावपटूचे पारितोषिक त्याने १९६८ ते १९७५ असे ओळीने आठ वर्षे घेतले.

आता ते छायाचित्र. दिवस १० मे १९७०, रविवार, तिकडचा मातृदिन. स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीचा चौथा सामना, बरोबरी झाल्यामुळे जादा वेळ. बॉस्टनने तो चषक १९४१ नंतर पाहिलेला नव्हता. जादा वेळ सुरू होऊन ४० सेकंद झाले असतील, तोच ऑर पुढे सरसावला. डेरेक सँडरसनने गोलामागून चकती दिली, ऑरने ती गोलात लोटली आणि त्याच क्षणी सेंट लुईसच्या नोएल पिकार्डची काठी त्याच्या पायात अडकली. तो हवेत उडाला. पण गोल झाल्याचे त्याने पाहिले होते, म्हणून पडता पडताच त्याने हात उंचावले. रे लुसिए नावाचा वृत्तपत्राचा छायाचित्रकार नेमका त्या जागी बसलेला होता. सांगतात असे की ती जागा मूळची दुसऱ्याची. तो उन्हाळ्याने कासावीस होऊन बिअर आणायला गेला होता. बिचारा!

अशा माणसाची कारकीर्द वीस वर्षे तरी चालावी. चालली बारा मोसम, आणि त्यांतलीही शेवटची वर्षे नावापुरतीच. डावा गुडघा १९६७ सालीच दुखावला. त्यानंतर शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया होत राहिल्या. त्यांची संख्या डझनाच्या वर गेली. आज दुर्बिणीने, बारीकशा छिद्रातून गुडघ्याची शस्त्रक्रिया होते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. तेव्हा गुडघा उघडावा लागे आणि दर वेळी आतली कूर्चा थोडी थोडी कमी होई. १९७६ च्या सप्टेंबरात कॅनडा चषकाच्या स्पर्धेत तो जवळजवळ एका पायावर खेळला आणि तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा वय अवघे तीस. ६५७ सामने, २७० गोल, ६४५ साहाय्ये.

गुडघ्याची कथा दुःखाची खरी, पण तिच्यात कोणाचा दोष नाही. आम्हांला बेचैन केले ते दुसऱ्याच प्रकरणाने.

ऑर कोवळ्या वयाचा असतानाच त्याच्या वडिलांची टोरांटोच्या अ‍ॅलन ईगलसन नामक वकिलाशी गाठ पडली. वकील हुशार, तोंडाचा गोड, राजकारणात वजन असलेला. मुलाचे हित पाहा, असे बापाने सांगितले आणि वकिलाने ते मान्य केले. १९६६ चा पहिला करार त्याने असा घासाघीस करून घडवला, की नवख्या खेळाडूला तोवर मिळत असलेल्या रकमेच्या कितीतरी पट रक्कम ऑरला मिळाली. दुसरे खेळाडू थक्क झाले आणि त्याच्या दारी रांग लावू लागले. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, खेळाडूंची संघटना स्थापन झाली आणि तिचा सूत्रधार तोच झाला. म्हणजे खेळाडूंचा वकील तो, संघटनेचा चालक तो आणि पुढे आंतरराष्ट्रीय सामन्यांचा व्यवस्थापकही तोच. एकाच हातात इतक्या चाव्या! पण ऑरला तो सख्ख्या भावासारखा वाटे. पैसा आला की वकिलाकडे, कागद आला की वकिलाकडे; पुढे केलेल्या कागदावर सही करून हा बर्फावर जाई.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या वडिलांनीही एका स्नेह्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. आईने कागद वाचून पाहा म्हटले, तर वडील रागावले. ‘मित्राच्या देखत कागद वाचायचा? त्याला काय वाटेल?’ त्या सहीपायी आमच्या घरातून एक एक करून काय काय गेले त्याची यादी येथे देत नाही. वडील अडाणी नव्हते, दरबारी कचेरीत आयुष्यभर इतरांचे कागदच तपासत होते. म्हणून ऑरला भोळसट म्हणण्याचे आमचे धाडस होत नाही. समोरच्याच्या देखत कागद वाचणे हे काही माणसांना त्याचा अपमान केल्यासारखे वाटते. ही खोड अशिक्षितांपेक्षा सज्जनांत अधिक आढळते.

१९७६ साली बॉस्टनशी असलेला करार संपला. ऑरला बॉस्टन सोडायचे नव्हते. ब्रुइन्सच्या मालकांनी जे देऊ केले त्यात संघाच्या मालकीतील सुमारे साडेअठरा टक्के हिस्सा होता. पगार नव्हे, बक्षीस नव्हे, हिस्सा! ही गोष्ट ऑरला सांगण्यात आली नाही, असे त्याने पुढे वेळोवेळी सांगितले. त्याला कळले ते एवढेच, की बॉस्टनला तो नकोसा झाला आहे आणि शिकागोवाले जास्त देत आहेत. शिकागो संघाच्या मालकाशी ईगलसनचा घरोबा होता. ऑर शिकागोला गेला. तीन मोसमांत मिळून अवघे २६ सामने खेळू शकला. खेळलो नाही तर पैसा कसला घ्यायचा, म्हणून त्याने तेथल्या पगाराचे धनादेश वटवलेच नाहीत. हे वाचल्यावर या माणसाविषयी आमचे मत कायमचे ठरून गेले.

निवृत्तीनंतर हिशेब तपासून घेतले, तेव्हा मालमत्तेपेक्षा देणे जास्त निघाले. आपल्या खेळातील सर्वांत नावाजलेला, दहा लाख डॉलरचा करार करणारा पहिला म्हणून गाजलेला माणूस तिशीत जवळजवळ दिवाळखोर! १९८० साली त्याने ईगलसनशी संबंध तोडले. मग जाहिरातींची, कंपन्यांच्या प्रचाराची मिळतील ती कामे करून त्याने घडी पुन्हा बसवली. १९७९ च्या जानेवारीत बॉस्टनने त्याचा चार क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्या समारंभात त्याने बॉस्टनचा सदरा पुन्हा अंगात घातला, तेव्हा प्रेक्षक टाळ्या थांबवीचनात. त्या रात्री त्याच्या खिशाची काय स्थिती आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक होते?

ईगलसन मात्र आणखी दहा-बारा वर्षे प्रतिष्ठितच राहिला. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राचे क्रीडासंपादक रस कॉनवे यांनी १९९१ पासून जुन्या खेळाडूंना भेटून, कागद गोळा करून त्याचे व्यवहार उजेडात आणले. निवृत्तिवेतन इतके तुटपुंजे का, असे विचारणारे वृद्ध खेळाडूही पुढे आले. १९९८ साली बॉस्टन आणि टोरांटो अशा दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांत ईगलसनने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. अठरा महिन्यांची शिक्षा झाली, त्यातली सहा महिने त्याने भोगली. नीट सांगायचे तर हे गुन्हे संघटनेच्या आणि स्पर्धांच्या पैशांसंबंधी होते. त्या साडेअठरा टक्क्यांबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही. खेळाच्या सन्मान दालनात ईगलसनचेही नाव होते. हा आत राहणार असेल तर आमची नावे काढा, असे ऑर आणि इतर कित्येक खेळाडूंनी कळवले, तेव्हा त्याने स्वतःच राजीनामा दिला.

ऑर पुढे स्वतःच तरुण खेळाडूंचा प्रतिनिधी झाला. वीस-वीस वर्षांच्या पोरांचे करार तो त्यांच्यातर्फे पाहू लागला. २०१० साली त्या गोलाला चाळीस वर्षे झाली, त्या दिवशी बॉस्टनच्या क्रीडागृहाबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. उभारला म्हणणे चुकीचेच. तो आडवाच आहे, हवेत, हात पसरलेला.

हे सारे आम्ही त्या पोराला सांगितले. त्याला वकिलाची गोष्ट फारशी रुचली नाही. गोल कसा झाला तेच त्याने पुन्हा दोनदा सांगायला लावले. साडेअठरा टक्के म्हणजे आज किती, असे मात्र त्याने आपल्या बापाला विचारले. बापाने मोबाइलवर आकडेमोड केली, पडद्याकडे थोडा वेळ पाहिले आणि काही न बोलता तो खिशात ठेवून दिला.