मेल सर्व्हर पुन्हा उभा कोण करणार?

प्रति,
सहकारी बँका, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्थांची संचालक मंडळे



ज्या संस्था आपला मेल सर्व्हर अजून स्वतःच्याच इमारतीत चालवतात, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. तो कायमचा गेला तर काय, असं सभेत कुणी विचारलं की आयटीचा माणूस म्हणतो, "बॅकअप आहे ना." विषय मिटतो, चहा येतो. माझी विनंती एवढीच, की पुढचा प्रश्नही विचारा : त्या बॅकअपवरून सर्व्हर शेवटचा कधी उभा करून पाहिला होता?

२०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलात दोष होता. ठिकठिकाणी ठेवलेल्या अनेक प्रतींनाही तो भोवला. पत्रं परत मिळाली ती टेपवरून, कारण टेप नेटवर्कपासून सुटी होती. व्हीएफईमेल या अमेरिकेतल्या लहानशा मेलसेवेच्या नशिबी ते नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये हल्लेखोराने तिच्या अमेरिकेतल्या सर्व्हरच्या डिस्क पुसल्या, तिथले बॅकअपही पुसले. खंडणीसुद्धा मागितली नाही.

तेव्हा एक तरी प्रत अशी हवी, की सर्व्हरचा पासवर्ड हाती असलेल्यालाही ती पुसता येऊ नये. रेड, म्हणजे एकाच सर्व्हरमधल्या जोडीच्या डिस्क, हा बॅकअप नव्हे, हेही एकदा ठणकावून सांगतो. एका डिस्कवर पुसलेलं पत्र जोडीच्या डिस्कवरूनही त्याच क्षणी जातं. आणि ती न पुसता येणारी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच इमारतीत होते. आपल्याकडे आगीइतकीच पाण्याचीही धास्ती. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तरी सर्व्हरची खोली तळमजल्यावर काढायचा सोस काही सुटत नाही.

आता पुन्हा उभं करण्याविषयी. खरी फजिती इथेच होते. सर्व्हर मुळीच उत्तर देत नसेल, तर पाठवणाऱ्यांचे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पत्र स्वतःकडे थोपवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. म्हणजे पहिल्या दिवशी घाबरायचं कारण नसतं. पण वरून फोन येतात, "अजून कसं सुरू होत नाही?" आणि आयटीचा माणूस घाईघाईत अर्धवट सर्व्हर चालू करतो. त्यात खात्यांची यादी भरलेली नसते. मग तो सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक पत्राला "असा कुणी इथे नाही" असं सांगून कायमचं परत पाठवतो. बंद सर्व्हरने जेवढं बिघडलं नसतं, तेवढं या अर्धवट सर्व्हरने बिघडतं.

म्हणून आधी खाती, पासवर्ड आणि डोमेनच्या नोंदी. मग पत्रं आत घेणारा पंचवीस क्रमांकाचा पोर्ट उघडायचा. लोकांना रिकाम्या पेट्या आधी द्याव्यात, म्हणजे नवा पत्रव्यवहार सुरू होतो. जुनी पत्रं मागाहून भरता येतात. चार टेराबाइट मजकूर सेकंदाला शंभर मेगाबाइटने उतरवायचा तरी अकरा तास लागतात आणि लाखो बारीक फायली असतील तर तो वेगही मिळत नाही. पत्ता, म्हणजे आयपी, बदलला आणि पत्रांवर डिजिटल सही करणाऱ्या जुन्या किल्ल्या हरवल्या, तर तुमची पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतील, हे वेगळंच.

आणखी एक गोम आहे. डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलं, तिथला पासवर्ड विसरला तर तो बदलायची लिंक कुठे येते? बहुतेक ठिकाणी त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवर! पुरवठादारांचे फोन नंबर, करारपत्रं, खुद्द आपत्तीची योजनासुद्धा तिथेच. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं हे आहे. ते कागद छापून, लिफाफ्यात घालून कार्यालयाबाहेर ठेवा आणि डोमेनच्या नोंदणीतला संपर्काचा ईमेल दुसऱ्या सेवेवर घ्या.

यासाठी आयटीच्या माणसाला दोष देऊ नका. सुटं यंत्र मागायला तो आला, तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" असं आपणच इतिवृत्तात लिहिलं होतं. आता एवढं करा : एका रविवारी त्याला एक कोरं यंत्र द्या, बॅकअप द्या आणि फोन करू नका. सोमवारी अध्यक्षांनी स्वतःची मागच्या वर्षीची दोन-चार पत्रं त्यात उघडून पाहावीत. किती तास लागले आणि काय उघडलं नाही, ते पुढच्या इतिवृत्तात यावं.

कळावे,
आपल्या संस्थेचा एक सभासद